आईंना काय होतंय, ते आधी विचारूया

नागपुरातल्या महाल भागातून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या, पंधरा वर्षांपासून मधुमेह. मागच्या दिवाळीनंतर त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप आला, भरती करावं लागलं. इंजेक्शनांनी त्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून 'जंतू गेले का' हे बघायला घरचे दर महिन्या-दीड महिन्यानं लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायची तपासणी, करतात. दर वेळी जंतू निघतात, दर वेळी गोळ्यांचा कोर्स होतो आणि पुढच्या रिपोर्टात 'आर'ची, म्हणजे न चालणाऱ्या औषधांपुढच्या खुणेची, संख्या वाढलेली असते. ताज्या रिपोर्टात ई. कोलाय हा जंतू आहे, 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' असा शेरा आहे आणि सोळापैकी अकरा औषधांपुढे 'आर' आहे. सध्या ताप नाही, जळजळ नाही. लघवीला वास येतो, आणि शुगरची नवी गोळी सुरू झाल्यापासून त्या जागी खाज सुटते. संडास मागच्या अंगणात असल्यामुळे रात्री उठावं लागू नये म्हणून सासूबाई संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. नव्या डॉक्टरांनी सांगितलं, 'औषध नको, आणि त्रास नसताना कल्चरही करू नका.' हैदराबादच्या नणंदबाईंना हा निष्काळजीपणा वाटतो; घरी नर्स लावून मेरोपेनेम या जोरदार अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू करा, असा त्यांचा आग्रह आहे. कोपऱ्यावरचा औषधवाला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट बघून गोळी द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो, तूच ठरव. सासूबाई म्हणतात, 'मला काही होऊन नाही राहिलं, तुम्हीच रिपोर्ट करून राहिले.' सूनबाईंचा प्रश्न असा: ऐकायचं कोणाचं? उद्या काही झालं तर बोल माझ्यावरच येईल.

ताई,

तुमच्या चार पानांच्या पत्रात नणंदबाईंचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, औषधवाल्याचं आहे, रिपोर्टातली अकरा औषधं नावानिशी आहेत. आईंचं स्वतःचं मात्र एकच वाक्य आहे, तेही शेवटच्या पानावर. मी ते पत्र उलटं वाचलं. आधी ते वाक्य, मग बाकीचं. आणि मला वाटतं, तुमच्या घरात सगळ्यात अचूक निदान आईंनीच केलं आहे.

मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या जागी बसून निर्णय देणार नाही. पण नोकरीची सगळी वर्षं मी प्रयोगशाळेत कल्चरच्या प्लेटा वाचल्या आहेत. प्लेट बघून जंतूचं नाव सांगता येतं, तो कुठल्या औषधाला दबतो आणि कुठल्याला नाही हे सांगता येतं. त्या बाईला जळजळ होते का, ताप आहे का, की ती मजेत सांडगे वाळत घालते आहे, हे प्लेटवर कुठेच दिसत नाही. ते विचारावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी ते विचारलं, म्हणून त्यांनी औषध दिलं नाही.

लघवीत जंतू सापडले म्हणजे लघवीचा आजार झाला, हे आपण सगळे धरून चालतो. तसं नसतं. सत्तरी ओलांडलेल्या, घरात हिंडत्या-फिरत्या बायकांपैकी दहा जणींत एक-दोघींच्या लघवीत कधीही तपासलं तरी जंतू भरपूर सापडतात आणि त्यांना काहीही त्रास नसतो. मधुमेह असेल तर हे आणखी सर्रास दिसतं. जंतू आहेत, रोग नाही. रिपोर्टात सोबत 'पस सेल्स' (पू-पेशी) वाढलेले असले तरी एवढ्यावरून रोग ठरत नाही. वासाचं आणि गढूळपणाचंही तेच. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना जी बाई संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, तिच्या लघवीला वास येणारच.

पण मधुमेह आहे, मग खबरदारी म्हणून औषध दिलेलं बरं, असं नणंदबाई म्हणतील. अगदी हाच प्रश्न कॅनडातल्या डॉक्टरांनी तपासून पाहिला आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधुमेह असलेल्या, लघवीत जंतू असलेल्या पण त्रास नसलेल्या १०५ बायका घेतल्या. अर्ध्यांना जंतू दिसले की अँटिबायोटिक, अर्ध्यांना नाही. दोन वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. पुढे खरा, त्रास देणारा संसर्ग औषधवाल्या गटात ४२ टक्के जणींना झाला आणि बिनऔषधवाल्या गटात ४० टक्के जणींना. म्हणजे फरक नाहीच. फरक पडला तो एवढाच की औषधवाल्या गटानं जवळपास पाचपट दिवस अँटिबायोटिक घेतलं. इटलीतल्या एका अभ्यासात तर, २०१२ साली, वारंवार त्रास होणाऱ्या तरुण बायकांमध्ये उलटंच दिसलं: त्रास नसताना जंतूंवर औषध दिलेल्यांना पुढच्या वर्षभरात पुन्हा संसर्ग जास्त झाला. तिथे बसलेले निरुपद्रवी जंतू हुसकावले की ती जागा दुसरे घेतात, आणि ते तितके गरीब असतीलच असं नाही.

तेव्हा तुमचे डॉक्टर हयगय करत नाहीत. मधुमेह असो वा नसो, त्रास नसताना लघवीतल्या जंतूंना औषध देऊ नये, ही आज जगभरातली मान्य पद्धत आहे. याला ठळक अपवाद दोन. गरोदर बाईला त्रास नसला तरी औषध द्यावं लागतं, आणि लघवीच्या मार्गात रक्तस्राव होईल अशी शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीची तपासणी करायची असेल तर आधी औषध देतात. आई या दोन्हींत बसत नाहीत.

आता त्या 'आर'बद्दल. तुम्ही लिहिलं आहे, 'अकरा आर आहेत, म्हणजे जंतू किती भयंकर झाला असेल.' हे वाचून मला वाईट वाटलं, कारण रिपोर्ट असा हातात पडतो आणि त्याचा अर्थ सांगणारं कोणी नसतं. 'आर' म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालणार नाही, एवढंच. जंतू जास्त जहाल झाला असा त्याचा अर्थ नाही. ईएसबीएल असलेला ई. कोलाय पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन जातीच्या औषधांचे तुकडे करणारं एक विकर (एन्झाइम) तयार करतो. बाकी तो साध्या ई. कोलायसारखाच असतो, गप्प बसायचा तर गप्प बसतो. त्यानं आजार केला तर मात्र आपल्या हातातली औषधं कमी झालेली असतात. धोका तिथे आहे. म्हणूनच आज, आजार नसताना, उरलेली औषधं उधळायची नाहीत.

हे 'आर' आले कुठून, हे समजलं तर पुढचं सगळं सोपं होईल. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडणारा ई. कोलाय बाहेरून येत नाही. तो आपल्याच आतड्यात राहतो. तिथून गुदद्वाराच्या त्वचेवर आणि तिथून मूत्रमार्गात. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्याला फार चालावं लागत नाही. आता आठवा, गोळी कशासाठीही घेतली तरी ती जाते कुठून? पोटातूनच. सर्दी-खोकल्याला घेतलेली सेफिक्झिम, लग्नातलं जेवण बाधलं म्हणून घेतलेली नॉरफ्लॉक्सासिनची गोळी, दाढ दुखली म्हणून घेतलेली कॅप्सूल. सर्दी विषाणूची असते, तिला त्या गोळीचा उपयोग शून्य. पण आतड्यातल्या अब्जावधी जंतूंवर तिचा मारा होतो. दुबळे मरतात, त्या औषधाला पुरून उरणारे राहतात, आणि रिकाम्या जागेत तेच वाढतात. सहा महिन्यांनी लघवीच्या रिपोर्टात दिसणारा 'आर' बऱ्याचदा असा खोकल्याच्या गोळीनं घडवलेला असतो.

आणि हे जंतू ती विद्या आपल्यापुरती ठेवत नाहीत. लोणच्याची कृती एकीच्या वहीतून दुसरीनं उतरवून घ्यावी, तशी जनुकांची छोटी वर्तुळाकार चिठ्ठी, म्हणजे प्लास्मिड, एक जंतू दुसऱ्याला देतो. जातीबाहेरच्यालासुद्धा देतो, ई. कोलायकडून क्लेबसिएला नावाच्या दुसऱ्या जंतूकडे, तिकडून इकडे. एकाच चिठ्ठीवर चार-पाच औषधांवरचे तोडगे लिहिलेले असतात. म्हणून एकच औषध दिलं तरी रिपोर्टात भलत्याच औषधांपुढे 'आर' उगवतो. तुम्ही विचारलं होतं ना, 'जे औषध आईंनी कधी घेतलंच नाही, त्यालाही आर कसा?' तो असा. शिवाय घरातल्या माणसांचे जंतू एकमेकांकडे जातात. तुम्ही किंवा तुमच्या मुलानं घेतलेल्या गोळीचा हिशेबही थोडाफार त्या स्वयंपाकघरातच राहतो.

यात एक दिलासा आहे. २०१० साली ब्रिटनमध्ये यावरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. लघवीच्या जंतूंमधला हा प्रतिकार औषध घेतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त असतो आणि वर्षभरापर्यंत टिकू शकतो, पण काळ जाईल तसा ओसरतो, असं दिसलं. दिवाळीपासून आईंना दर महिन्या-दीड महिन्यानं कोर्स चालू आहे, म्हणजे तो 'पहिला महिना' कधी संपलेलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं 'काही करू नका' हे त्या अर्थानं उपचारच आहेत. सहा महिने, वर्षभर गरज नसताना एकही अँटिबायोटिक पोटात गेलं नाही, तर साध्या औषधांपुढचे काही 'आर' परत 'एस' (म्हणजे औषध चालतं) होण्याची खरीखुरी शक्यता आहे.

मेरोपेनेमबद्दल मला जरा कडक बोलावंसं वाटतं. ईएसबीएल जंतूनं किडनीपर्यंत किंवा रक्तापर्यंत मजल मारली, तर त्या रात्री कामी येणारं हे औषध. ते शिरेतून, साधारण दिवसातून तीनदा द्यावं लागतं. त्यानं जुलाब होऊ शकतात, आणि म्हाताऱ्या माणसाला अँटिबायोटिकनंतरचे जुलाब कधी कधी मूळ आजारापेक्षा महागात पडतात. आणि त्याच्या पलीकडे फार काही उरत नाही. २००८ साली स्वीडनमध्ये, दिल्लीच्या दवाखान्यात राहून गेलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीतच असा क्लेबसिएला सापडला, जो मेरोपेनेमच्या जातीच्या औषधांचेही तुकडे करत होता. त्या विकराला पुढे एनडीएम-१ नाव पडलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अहवालानुसार, याच जातीच्या इमिपेनेम या औषधाला न जुमानणारे ई. कोलाय २०१६ साली १४ टक्के होते, ते २०२१ साली ३६ टक्के झाले. हे आकडे मोठ्या दवाखान्यांतल्या नमुन्यांचे आहेत, महालातल्या घराघरांतले नाहीत, म्हणून घाबरून जाऊ नका. पण वारा कुठल्या दिशेनं वाहतो ते त्यांतून कळतं. जी बाई खुर्चीत बसून 'मला काही होऊन नाही राहिलं' म्हणते आहे, तिला हे औषध द्यायचं नसतं.

तरीही तुमची भीती खोटी नाही. मागच्या दिवाळीत तुम्ही आईंना थंडीनं कुडकुडताना पाहिलं आहे. ती वेळ परत आली तर ओळखायची कशी, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असलं पाहिजे, म्हणजे बाकीचे दिवस निवांत जातील. लघवी करताना नव्यानं जळजळ, अचानक पुन्हा पुन्हा आणि घाईची लघवी, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त: यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि पहिली गोळी घेण्याआधी कल्चरचा नमुना. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला कुशीत दुखणं, उलट्या, गुंगी, लघवी बंद होणं किंवा शुगर अचानक फार वाढणं: यातलं काही असेल तर फोनवर वेळ घालवायचा नाही, सरळ दवाखाना. रात्रीचे दोन वाजले असले तरी. तिथे गेल्यावर 'यांच्या लघवीत ईएसबीएल जंतू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा आणि जुना रिपोर्ट दाखवा. त्या कागदाचा खरा उपयोग त्या रात्री आहे.

आई एखाद्या दिवशी अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागल्या, तर लगेच 'लघवीचे जंतू डोक्यात गेले' असं ठरवू नका. आधी शुगर मोजा. कमी झालेली असू शकते. या उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणि सोडियम कमी होऊनही म्हातारी माणसं असं बोलतात. डॉक्टरांकडे न्यायचंच आहे, पण लघवीच्या रिपोर्टावर बोट ठेवून बाकीच्या तपासण्या राहून जायला नकोत.

आणि साधा मूत्राशयापुरता त्रास झाला, तर त्यासाठीही मेरोपेनेम लागत नाही. सोळापैकी अकरा 'आर' म्हणजे पाच औषधं अजून चालतात. त्यांत नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन आहे का ते बघा. दोन्ही जुनी, तोंडाने घ्यायची औषधं, ईएसबीएल जंतूंवरही अनेकदा चालणारी. नायट्रोफ्युरँटॉइन किडनीचं काम फार मंदावलं असेल तर चालत नाही, जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता असलेल्यांना देत नाहीत, आणि ताप येऊन किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गाला ते पुरत नाही. म्हणून आईंचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, डॉक्टरांना ठाऊक असू द्या. एक चूक मात्र शिकली-सवरलेली माणसंही करतात. रिपोर्टात औषधापुढे जो आकडा असतो, त्यात सगळ्यात लहान आकडा ते सगळ्यात जालीम औषध, असं ठरवतात. प्रत्येक औषधाचं माप वेगळं. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. निवड डॉक्टरांवर सोडा. ते सांगतील तितकेच दिवस गोळी द्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, आणि 'आणखी दोन दिवस राहू दे' असंही नको.

नमुन्याविषयी थोडं जास्त लिहिते, कारण याच्यावर प्रयोगशाळेत माझे शब्द फार खर्च झालेत आणि तरी लोकांपर्यंत पोचले नाहीत. कल्चरची बाटली निर्जंतुक, प्रयोगशाळेतून आणलेलीच हवी. घरातली धुतलेली शिशी नको. जागा साध्या पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडायची, मधली बाटलीत घ्यायची, बाटलीच्या आत बोट लावायचं नाही. आणि दोन तासांच्या आत ती पोचली पाहिजे. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. ई. कोलाय सोयीच्या वातावरणात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगानं तीन तासांत एकाचे पाचशेवर होतात. तुम्ही लिहिलं आहे की नमुना न्यायला येणारा मुलगा सकाळी सातला बाटली घेतो आणि दहा घरं फिरून दुपारी बाराला पोचवतो. मे महिन्यात, मोटरसायकलच्या डिकीत! त्वचेवरचे चार जंतू बाटलीत पडले असतील तर ते तिथेच वाढून रिपोर्टात लाखाच्या आकड्यात दिसू शकतात. पुन्हा कधी कल्चर करायची वेळ आली, तर बाटली बर्फाच्या पिशवीसोबत स्वतः नेऊन द्या. रिपोर्टात 'मिक्स्ड ग्रोथ', म्हणजे बऱ्याच जातींचे जंतू एकत्र, आलं, तर बहुतेक वेळा नमुना बिघडलेला असतो.

खाजेकडे मात्र कोणाचंच लक्ष नाही आणि मला तिथेच आईंचा खरा त्रास दिसतो. तुम्ही शुगरच्या नव्या गोळीचं नाव लिहिलं आहे: डॅपाग्लिफ्लोझिन. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. चांगली गोळी आहे, हृदयाला आणि किडनीला तिचा फायदा होतो, पण त्या साखरेवर बाहेरच्या भागात बुरशी वाढते. त्यात दर महिन्याला अँटिबायोटिक. त्यानं बुरशीला आवरून धरणारे चांगले जंतूही जातात. बुरशीची खाज अँटिबायोटिकनं बरी होत नाही, वाढते. गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टरांना खाजेबद्दल स्पष्ट सांगा, तपासायला सांगा. बुरशीचं मलम स्वस्त असतं आणि लवकर गुण येतो. आणि उलट्या होत असतील, खाणं बंद असेल किंवा ताप असेल, तर त्या दिवशी ही गोळी द्यायची का, ते आधी विचारून ठेवा. सासूबाई लेडी डॉक्टरशिवाय कोणाला सांगायच्या नाहीत, हे मी समजू शकते. आमच्या पिढीच्या बायका 'त्या जागेचं' काही असलं की मरणाच्या दारापर्यंत गप्प बसतात. तुम्ही सोबत जा.

त्याच भेटीत एक विचारा. पाळी गेल्यानंतर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिथले उपयोगी जंतू कमी होतात, आणि ई. कोलायला वाट सोपी होते. ज्यांना खरा, त्रासाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, त्यांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमानं तो कमी होतो. हे अँटिबायोटिक नाही, यानं 'आर' वाढत नाहीत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी सांगायचं. आणि मधुमेहात मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही कधी कधी. लघवी करून आल्यावर किती उरते, ते सोनोग्राफीत दिसतं. कल्चरच्या पाच रिपोर्टांपेक्षा ही एक तपासणी जास्त कामाची.

पाण्याचा प्रश्न मी औषधाइतकाच मोठा मानते. कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० तरुण बायकांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला: रोज दीड लीटर जास्त पाणी प्यायल्यावर वर्षातले त्रासाचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. आई तरुण नाहीत, आणि हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर किती पाणी चालेल ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. पण त्या पाणी पीत नाहीत ते तहान नाही म्हणून नव्हे, अंगण ओलांडायची भीती वाटते म्हणून. अंधार, उंबरठा, गुडघे. मेरोपेनेमच्या एका आठवड्याला लागणाऱ्या पैशांत त्यांच्या खोलीत कमोडची खुर्ची येईल, अंगणात दिवा लागेल आणि भिंतीला धरायची दांडी बसेल. ते करा. दिवसभरात तांब्या त्यांच्या हाताशी ठेवा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोट घोट पाणी होऊ द्या, ताक द्या, धन्या-जिऱ्याचं पाणी आवडत असेल तर तेही. क्रॅनबेरीच्या गोळ्यांबद्दल विचारलंत: ज्यांना खरा संसर्ग वारंवार होतो त्यांना त्या थोड्या उपयोगी पडतात, झालेला संसर्ग त्यांनी बरा होत नाही, आणि गोड रस आईंना नकोच.

औषधवाल्याचं काय करायचं? त्याच्याशी भांडू नका, तो वर्षानुवर्षांचा शेजारी आहे. पण रिपोर्ट पाठवणं बंद करा. सेफिक्झिमसारखी अनेक अँटिबायोटिक्स १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ खाली आहेत. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि रुग्णाचं, डॉक्टरचं, औषधाचं नाव वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. पाकिटावर लाल उभी रेघ दिसली की ती गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. घरातली उरलेली अर्धी-मुर्धी पाकिटंही काढून टाका. संडासात किंवा मोरीत नव्हे. पुढच्या सर्दीला कोणाचा तरी हात त्या डब्याकडे जातोच.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. घरात कोणाला कायमची लघवीची नळी असेल, तर त्यांच्या लघवीत जंतू असणारच. त्रास नसताना तपासू नका, नळी खरंच हवी आहे का ते मात्र दर वेळी विचारा. पुरुषाला लघवीचा संसर्ग झाला, तर त्याला साधा समजू नका, प्रोस्टेटकडे बघावं लागतं. आणि ज्या मुली शाळा-कॉलेजातल्या, ऑफिसातल्या घाणेरड्या संडासांमुळे दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात, त्यांनी गोळी मागण्याआधी स्वच्छ संडास मागावा. चार जणी मिळून मागा.

राहिल्या नणंदबाई. ताई, दूर राहणाऱ्या लेकीला आई दिसत नाही, तिला पीडीएफ दिसते. त्यात लाल अक्षरात 'आर' असतो, आणि रात्री झोप लागत नाही. त्यांच्या आग्रहामागे तुमच्यावरचा संशय कमी आणि आपण तिथे नाही याची टोचणी जास्त आहे, असं मला पत्रातून वाटलं. म्हणून त्यांना अभ्यास आणि आकडे ऐकवत बसू नका. एक साधी वही करा. रोज तीन गोष्टी लिहा: ताप आहे का, जळजळ आहे का, रात्री किती वेळा उठल्या. आठवड्यातून एकदा त्या पानाचा फोटो पाठवा. पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर नणंदबाईंनाही फोनवर घ्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या, आणि त्रास झाला तर काय करायचं ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. ती चिठ्ठी तुमच्या नवऱ्यानं वाचून त्यावर 'ठीक आहे' म्हणावं. आई त्यांची आहे, 'तूच ठरव' म्हणून हा भार एकट्या सुनेवर टाकणं बरोबर नाही. निर्णय तिघांचा झाला की बोलही एकीवर येत नाही.

आणि या रविवारी हैदराबादला व्हिडिओ कॉल लावाल, तेव्हा रिपोर्टाचा विषय निघण्याआधी पहिली पाच मिनिटं फोन आईंच्या हातात द्या.